सावलीतली सभा

मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपाशेजारी चोगले चेअरमननी पुन्हा जगाचा नकाशा टांगला, तेव्हा हिराजी तांडेलाने कपाळाला हात लावला. समोर त्याची बोट रिकाम्या टाकीने डुलत होती, आणि बांगडा अगदी किनाऱ्याजवळ आला होता. तो दोन दिवसांत निघून जाणार, हे बंदरातल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

"रशियाचं तेल इथं अडलंय," चेअरमननी छडी काळ्या समुद्रावर टेकवली. "त्यामुळे जगभर भाव भडकले, म्हणून आपला टँकर येईना."

"काल ती छडी वरती बर्फात होती, चेअरमन."

"काल तिथं अडलं होतं."

"आणि उद्या?"

"उद्याची बातमी उद्या. जागतिक प्रश्न आहे हिराजी, तुझ्या घाईने सुटणार नाही."

"मला रशियाला नाय जायचं. त्या खडकापलीकडे जायचंय."

"मग वल्हवत जा की," चेअरमन हसले. सावलीत बसलेली सगळी कमिटीही हसली.

हिराजीने मान वर केली. सभेवर सावली धरणारं कापड म्हणजे त्याच्या बापाच्या होडीचं शीड होतं. इंजिनाची बोट आल्यावर होडी वाळूवर चढली आणि शीड त्यानेच सोसायटीला मांडवासाठी दिलं. तो उठून शांतपणे एकेक दोरी सोडू लागला.

"अरे, हे काय करतोस?"

"वारा काय रशियातून येत नाय, चेअरमन."

तेच शीड चढवलेली बापाची होडी खडकापलीकडे दिसेनाशी झाली, तेव्हा चेअरमन उन्हात नकाशा डोक्यावर धरून बसले होते.