कोठडीचं दार

"आज आपण समदे कैदी," कारखान्याचे मालक नानासो म्हणाले. "सांगा, ह्या दारातनं कसं पळाल?"

दाराचा नकाशा जमिनीवर पसरला होता. सांगलीच्या त्या कारखान्यात आजवर नांगर झाले होते. कोठडीचं दार पहिलंच. बेचाळीसच्या धरपकडीत पोलीस ठाण्याचं जुनं दार फुटलं होतं.

"हे फुटलं, तर आत तुम्हालाच बसवीन," फौजदारानं नानासोंना बजावलं होतं.

नेम एकच. कुणाच्या युक्तीला हसायचं नाही. आधी समद्या युक्त्या, मग बंदोबस्त.

"मी गज वाकवीन," लोहार हरिबा म्हणाला.

"तू? घरात घागर उचलत न्हाईस!" तेलपाणी करणारी धोंडुबाई फिसकन हसली.

"धोंडुबाई, नेम मोडला. आता तुमी सांगा," नानासो म्हणाले.

"आवं, गजातनं हात घालीन नि कडी काढीन. हाय काय त्यात?"

नकाशा काढणारा जोतिबा कागदावर खुणा करत होता. दोनदा पेन्सिल मोडली. त्याच कोठडीत, सध्या पहाऱ्याखाली, त्याचा धाकटा भाऊ गुंडा होता, तीन महिन्यांमागं इथंच भाता ओढणारा. गुंडाची लेक दोन महिन्यांची झाली होती. बापाच्या मांडीवरच बारसं, म्हणून तिची आई हटून बसली होती. पोरीला अजून नाव नव्हतं.

एकेक युक्ती निघे आणि एकेक वाट बुजे. गज जाड झाले. कडी हातभर लांब गेली. गुंडाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. नानासोंची फौजदाराशी ऊठबस; बोलणार कोण?

शुक्रवारी दार चौकटीसकट अंगणात उभं राहिलं. हरिबा विसरलेली कानस आणायला एकटाच परतला. धोंडुबाई कडीला तेल द्यायला थांबली. दुपारी नानासोंनी सगळ्यांना जेवायला धाडलं, स्वतः राखणीला बसले. जोतिबाला दिवस कलता कलता सवड मिळाली. बिजागरीचे तीन खिळे काढून त्यानं भोकांत मेण भरलं, वर काजळी फासली.

तीनच तर. आतनं नेटानं रेटलं, तरच निखळेल.

सकाळी फौजदार आला. दाराभोवती फिरला.

"वा नानासो! हत्ती धडकला तरी हलायचं नाही!"

आणि त्यानं छडीनं दाराला हलकेच टिचकी मारली.

आधी एक गज निसटला. मग कडी गळाली. मग चौकट उकलली, बिजागरी निखळली आणि अख्खं दार फौजदाराच्या बुटांपुढं आडवं झालं. धुरळा बसला, तेव्हा चौघं एकमेकांकडं बघत होते आणि चौघांचीही जीभ दाताखाली होती.