अकरा चाली

“मुंगी म्हणजे तुम्हीच?” दारातल्या मुलीने विचारलं. तिच्या गळ्यात मोबाइलवरच्या खेळाच्या कंपनीचं ओळखपत्र होतं.

“मीच,” तो म्हणाला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. खोटं बोलायची वेळ फारशी आली नव्हती.

मुंगी हे त्याच्या बायकोने खेळात घेतलेलं नाव. तिला जाऊन आठ महिने झाले होते. खातं तो चालवत होता. एकाचं खातं दुसऱ्याने वापरलं तर कंपनी ते बंद करते, हा नियम मुलाने कालच फोनवर वाचून दाखवला होता. वर म्हणाला होता, “बाबा, तुम्हाला ‘हो’ दाबायला सांगितलं कुणी?” कुणीच नाही. ‘आम्ही तुमच्या घरी येऊन गप्पा मारू का?’ असा चौकोन पडद्यावर आला होता. काही केल्या जाईना, म्हणून त्याने ‘हो’ दाबलं होतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो उचलून त्याने मुलीला जागा करून दिली.

“काका, आमचा खेळ बारा वर्षं चाललाय,” ती म्हणाली. “फुकटातले बाकीचे खेळ वर्षभरात गाशा गुंडाळतात. हाच का टिकला, ते साहेबांना कळत नाही. म्हणून मी जुन्या खेळाडूंची दारं वाजवत हिंडतेय. आणि तुम्ही तर आमचं कोडं आहात. तुमचा आलेख ऑफिसात भिंतीवर लावलाय.”

“माझा?”

“नऊ वर्षं रोज दुपारी तीन ते चार. एक दिवस खाडा नाही. मग आठ महिन्यांपूर्वी खेळणंच बंद. पण रोज सकाळी सहाला उघडता, गटातल्या एकोणतीस जणांना खेळायला लागणारा एकेक जीव पाठवता, पंधरा मिनिटं नुसते थांबता आणि बंद करता. त्या पंधरा मिनिटांत काय करता हो?”

“बघतो. तिकडून निरोप येतात. थँक्यू मुंगीताई. गुड मॉर्निंग मुंगीताई.”

“मुंगीताई?” तिला हसू आलं. “तुम्ही सांगत नाही त्यांना?”

“असू दे. कुणीतरी गुड मॉर्निंग म्हणतं.”

तिने फोन मागितला. त्याने खेळ उघडून दिला. डाव अर्धवट सोडला तरी तो तसाच राहायचा. अर्ध्या फरशा फुटलेल्या, अर्ध्या उरलेल्या. कोपऱ्यात आकडा होता: अकरा चाली शिल्लक.

“अच्छा, इथे गाडी अडलीय होय! साहेब म्हणतच होते, ही पायरी जरा जास्तच अवघड झालीय.” तिने फोन दोन्ही हातांत धरला. “थांबा, आत्ता सोडवते.”

“नको,” तो म्हणाला. “अहो मॅडम, नको...”

तिचा अंगठा सरकला होता. तीन निळ्या फरशा फुटल्या. आकडा दहावर आला.

तो अर्धवट उठला. टेबलावरून पुढे केलेला हात तसाच राहिला. फुटलं ते परत येणार नव्हतं.

“मदत घ्यायला लाज कसली, काका? आमचे आजोबाही अस्सेच.” नऊ. आठ. सात. तिचे अंगठे भराभर चालत होते. चाराच्या आकड्यावर शेवटची फरशी फुटली, तुतारी वाजली आणि पडदाभर तारे पडू लागले.

“सुटली! आणि चार चाली राखून!” तिने फोन त्याच्यापुढे ठेवला.

तो खाली बसला. “हो,” म्हणाला. “छान.”

तिने टॅबलेट उघडला. “आता शेवटचा प्रश्न. पर्याय वाचते हं. रोजची बक्षिसं, नव्या पायऱ्या, गटातले मित्र, की फुकट आहे म्हणून? नऊ वर्षं तुम्हाला कशाने धरून ठेवलं?”

“अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा ती इथेच बसून खेळत होती,” तो म्हणाला. “दम लागला होता, तरी. जाताना फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, अकरा चाली उरल्यात. हात लावू नका, आल्यावर बघते.”

“कोण?” तिने विचारलं. आणि मग तिचं तिलाच कळलं.

तारे अजून पडत होते. तुतारी वाजतच होती. आवाज बंद करायचं बटण तिला स्वतःच्याच कंपनीच्या खेळात सापडेना.

“काका, मला खरंच... तो डाव परत नाही आणता येत.”

“माहीत आहे.” त्याने टॅबलेटकडे बघितलं. “आता खातं बंद करणार ना?”

ती बराच वेळ पडद्यावरचे प्रश्न वरखाली करत राहिली.

“माझ्या फॉर्ममध्ये तसा प्रश्नच नाही,” ती म्हणाली आणि तिने टॅबलेट मिटला.

तुतारी आपोआप थांबली. नवा डाव समोर आला. काठोकाठ भरलेला. एकही फरशी हललेली नाही. त्याने बोट काचेजवळ नेलं आणि मागे घेतलं.

“नऊ वर्षं ती इथे बसून खेळायची आणि मी समोर पेपर वाचायचो,” तो म्हणाला. मग फोन तिच्याकडे सरकवला. “हे खेळतात कसं, तेवढं सांगून जा.”