वर जायचा जिना

"वर जायचा जिना कुठं गेला?" शामरावांनी विचारलं.

"काढून टाकला काका. वर जायचं काही कामच नाही राहिलं," लता म्हणाली.

शामराव सामुदायिक भवनाच्या मागच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. पायापासून कठड्यापर्यंत हे भवन सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनीच ठेक्यावर बांधलं होतं. आता ते नागपूरला मुलाकडे राहत. रायपूरला आले होते ते नातीच्या लग्नासाठी. नवऱ्याकडच्यांनी नेमकं हेच भवन धरलं होतं आणि त्या मुहूर्तावर शहरात दुसरा हॉल मिळायचं नाव नव्हतं. म्हणून आठ दिवस आधी ते भवनाचं काम पाहणाऱ्या नगर निगमाच्या इंजिनीअर मॅडमना, लताला, भेटायला आले. मॅडमचं सासरचं आडनाव त्यांनी पाटीवर वाचलं होतं. माहेरचं कोणी सांगितलं नव्हतं.

आत नवं कोरं फॉल्स सीलिंग होतं. मंचाच्या वर एक मोठा दिवा. शामरावांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"वरचं काही दिसत नाही."

"नाही दिसत."

"तपासणी झाली का याची?"

लतानं फाईल उघडून प्रमाणपत्र पुढे केलं. यंदाचीच तारीख, शिक्का, कॉलेजच्या प्राध्यापकांची सही. इमारत वापरण्यास सुरक्षित आहे.

शामराव हसले. असली प्रमाणपत्रं त्यांनी उभ्या जन्मात ढिगानं मिळवली होती, आणि ती कशी मिळतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"खरं सांगा मॅडम. मी कोणाले सांगत नाही."

"खरंच आहे ते. काहून काका, तुमाले काही शंका आहे का?" लता थांबली. "असंल तर दोन ओळी लिहून द्या. काय माल घातला, किती घातला. मी आत्ता कुलूप लावते."

शामरावांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली.

"नाही, असंच विचारून राहिलो. वय झालं की जीव घाबरते."

लताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या नातीला खाली बसवायला तयार होता हा माणूस, पण दोन ओळी लिहायला नाही. तिनं हसून चहा मागवला.

चौदा वर्षांपूर्वी बीरगावच्या शाळेचं छत वर्गावर पडलं. दोन पोरी गेल्या. ती शाळाही शामरावांनीच बांधलेली. कोर्टात त्यांनी हात झटकले: मिस्तरीनं पाणी जास्त घातलं, मी तर रोज साइटवर नव्हतो. शालिग्राम मिस्तरी तीन वर्षं आत राहिला आणि बाहेर आल्यावर सहा महिन्यांत मेला. मरताना मुलीला म्हणाला, "शाळेचा अन् भवनाचा माल एकच होता पोरी. मी नाही म्हटलं होतं." तोवर हे शामराव आणि शालिग्राम या दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक आता गेला होता. मिस्तरी तुरुंगात गेला तेव्हापासूनच त्याच्या बायकोला, सरोजिनीला, पाऱ्यातल्या शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं.

मुलगी इंजिनीअर झाली, निगमात लागली, आणि वाट पाहत राहिली. तिला शामरावांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, चारचौघांत.

लग्नाच्या दिवशी तिनं भवनाचे तिन्ही दरवाजे सताड उघडे ठेवले. बाहेर मे महिना, आत पंखे गरगरत होते तरी अंगाची लाही होत होती. "पहिले इतकं तपत नव्हतं इथं," एक म्हातारा उपरण्यानं वारा घेत म्हणाला. लतानं आईला हाताला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत, दिव्याच्या बरोबर समोर बसवलं.

"इथंच बस. काही झालं तरी उठू नको."

"नाही उठत," सरोजिनी म्हणाली.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडे नात देवश्री, मागे शामराव. नागपूरच्या नातलगांसाठी सगळं मोबाइलवर थेट दिसत होतं.

तिसऱ्या मंगलाष्टकाला दिव्याच्या कडेनं बारीक करडी भुकटी शामरावांच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती चिमटीत घेऊन चोळली, जन्मभर चोळत आले तशी. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वर पाहिलं, मग नातीकडे पाहिलं, आणि बोटं झटकून टाकली.

चौथ्याला पुन्हा रेती पडली. पाचव्याला सुपारीएवढा गिलाव्याचा खडा देवश्रीच्या पायाशी येऊन फुटला.

शामरावांनी भटजींचा माइक ओढून घेतला.

"बाहेर निघा सगळे! स्लॅब येऊन राहिला खाली. शाळेचाच माल आहे हा. शिमिट मी अर्धं घातलं, लोखंड गंजकं घातलं. शालिग्राम नाही म्हणत होता, मीच ऐकलं नाही. त्याचा काही दोष नव्हता. निघा रे, पोरीले घ्या."

तिन्ही दरवाजांतून माणसं बाहेर पडली. शामराव नातीला कवटाळून पळाले. अंगणात सगळ्यांचे मोबाइल वर होते आणि नवऱ्याचा बाप शामरावांची कॉलर धरून उभा होता.

आत फक्त अक्षतांचा सडा राहिला, आणि पहिल्या रांगेत सरोजिनी, मांडीवर हात ठेवून.

"ऐकलंस आई?"

"ऐकलं," ती म्हणाली, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तोंडाला पदर लावून मनसोक्त रडली.

लतानं वर पाहून भावाला हाक मारली. "गौतम, ये आता खाली."

सीलिंगचा एक चौकोन सरकला आणि छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीवर बसलेला गौतम दिसला. मांडीवर रेतीची अन् गिलाव्याच्या खड्यांची पिशवी, आणि डोक्यावर कठड्याआड लपलेलं तापलेल्या टिनाचं नवं छत, जे लतानं मागच्या उन्हाळ्यात जुना स्लॅब पाडून घातलं होतं.