बारा ओळी

तिसऱ्यांदाही पॅच लागला नाही, तेव्हा हेमकांत सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

खापर गावच्या या निवृत्त मास्तरांनी डोंगरातल्या शाळांसाठी लिनक्स बेतून दिलं होतं. जगभरचे लोक मिळून लिहितात त्या लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे मूळ कर्नेलची, नवी आवृत्ती आली की तिच्यात आपला पॅच, म्हणजे स्वतः लिहिलेल्या बारा ओळी, लावायचा आणि मगच ती शाळांना धाडायची, हा सहा वर्षांचा शिरस्ता. त्या ओळी नसल्या की सौरऊर्जेवरचे जुने लॅपटॉप भरलेली बॅटरी संपली समजून पोरांच्या हातातच बंद पडत. उद्या सकाळी नवी आवृत्ती घेऊन मणिबेलीची बोट निघणार होती आणि सरांचा जीव तिच्यात अडकला होता.

स्क्रीनवर पुन्हा तेच इंग्रजी उत्तर आलं: पॅच उलटा आहे, किंवा आधीच लावलेला आहे.

आपल्याच हातून दोनदा लागला असेल, म्हणून सरांनी सगळं पुसून मूळ कर्नेलचा सोर्स कोड कोरा करकरीत उतरवून घेतला होता. एकदा नव्हे, दोनदा. तरी यंत्र हेका सोडेना.

"इफ्फतले इचारा ना," दारातून प्रमिलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्हनीच शिकाडेल पोर शे."

"तिनं नाव नको काढू."

इफ्फत त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. "सर, हाऊ पॅच मूळ कर्नेलले धाडी देऊत," म्हणून मागे लागायची. "तठे आपलं कोण वाचस?" असं म्हणून सर उडवून लावत. मग तिला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिनं त्या पॅचची फाईल मागून घेतली, खाली सरांना नावही घालायला लावलं. आपल्या ओळी दाखवूनच पोरीनं नोकरी पटकावली, असं सरांच्या मनानं घेतलं. तिचे फोन यायचे. सर उचलत नसत. पुढे तेही थांबले.

शेवटी सरांनी पॅचचा नाद सोडला आणि हातानंच ओळी टाइप करायला नव्या कर्नेलची फाईल उघडली.

ओळी तिथं होत्या. बाराच्या बारा. वर त्यांची स्वतःची टीपसुद्धा.

"काय जयं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

कुठली ओळ कुणाची, ती कुणी पाठवली आणि कितव्या खेपेला स्वीकारली गेली, याची नोंद मूळ कर्नेलमध्येच असते. ती सरांनी उघडली.

लेखक: हेमकांत, खापर. पाठवणारी: इफ्फत. खेप: नववी.