उलटं घर

घर उलटं टांगलेलं होतं. काचेच्या टाकीत, पाण्याखाली. छत तळाशी आणि जमीन वर, उघडीच. बाहुलीच्या घराएवढं, पारदर्शक प्लास्टिकचं. सुताराने वाकून आधी कोपरे तपासले. सवय, दुसरं काय!

"धूर वर चढतो, मिठाचं पाणी खाली बसतं," प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या. "म्हणून घर उलटं केलं. हे लाल खारं पाणी म्हणजे धूर समजा. मापं अग्निशमन दलाने घेतलेली आहेत, अगदी पलंगासकट."

पलंग सुतारानेच केला होता. खाली अभ्यासाचं टेबल, वर छताजवळ झोपायची जागा. ठकीला, त्याच्या लेकीला, उंचावर झोपायची भारी हौस. स्वयंपाकघरात आग लागली तेव्हा ती तापाने तिथेच पडून होती, खोलीचं दार लावून. तिची आई गच्चीवरून धावत आली, धुरातून चाचपडत गेली आणि तिने दार उघडलं. शेजाऱ्यांनी दोघींना बाहेर ओढलं. एक वाचली.

तेव्हापासून सुताराने एकच धोशा लावला होता. दार उघडलं नसतंस तर धूर आत गेलाच नसता. बायकोने कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण तिलाही तसंच वाटत होतं. एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हणून तोच हात धुऊन मॅडमच्या मागे लागला होता, आणि आज बायकोलाही सोबत घेऊन आला होता.

"दार बंद ठेवूनच सोडा," तो म्हणाला. "हिलाही कळू दे."

मॅडमनी तोटी उघडली. स्वयंपाकघरातून लाल धार सरळ खाली आली, छतावर आपटली आणि चहूकडे पसरली. भिंतींशी पोचली, वळली, थरावर थर चढू लागले. दार बंद होतं. ठकीच्या खोलीतलं पाणी नितळ होतं. सुताराने बायकोकडे असं पाहिलं, की मॅडमनाच तिथे उभं राहणं नको झालं.

मग दार आणि छत यांच्या मधल्या झरोक्यातून एक लाल रेघ आत शिरली. तिला काही घाई नव्हती. छताला धरून ती पुढे सरकली आणि पलंगाभोवती साचत गेली. टेबलापाशी अजून काहीच पोचलं नव्हतं.

"तुम्ही गच्चीवरून निघण्याआधीच हे झालंय," मॅडम बायकोला हळूच म्हणाल्या. "दार उघडलं काय, न उघडलं काय." मग त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. "हा दारावरचा झरोका घरात मुळातच होता का?"

बायकोला क्षणभर श्वास घेता आला, आणि लगेच तिची नजर झरोक्यावर गेली. आगीआधीच्या उन्हाळ्यात ठकी म्हणाली होती, बाबा, वर फार उकडतं. दुसऱ्याच दिवशी कामाला दांडी मारून त्याने दारावरच्या फळीवर करवत चालवली होती. लेक खाली उभी राहून टाळ्या पिटत होती.

"मुळातच होता," ती म्हणाली. "घर घेतलं तेव्हापासून."

सुताराने तिच्याकडे पाहिलं नाही. "पुन्हा सोडा," तो म्हणाला.

"सगळं पाणी बदलावं लागेल."

"बदला."

टाकी रिकामी होऊन भरेपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला. चहा आला, गार झाला. मग त्याने बाही वर सारली, वरून हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि झरोक्यावर अंगठा दाबून धरला.

"सोडा."

लाल धार छतावर आपटली, पसरली, भिंतींशी वळली आणि चढत चढत त्याच्या अंगठ्यापर्यंत आली. तिथे अडली. बाहेरचं घर लाल झालं. मॅडमनी तोटी बंद केली तरी ठकीच्या खोलीत एक थेंबही गेला नव्हता.

"अहो, पुरे," बायको म्हणाली. "हात काढा आता."

"हळू बोल," तो म्हणाला. "झोपलीये ती."