न आलेल्या कार्डाचे पैसे

समोरची खुर्ची रिकामी होती, तरी 'बसा' म्हणण्याची रीत त्या बाईला नव्हती. गजराबाईला पहिला राग आला तो त्याचाच. तासभर रांगेत उभी राहून ती टेबलापर्यंत पोचली, आणि बाई मान वर न करता विचारतेय, "काय काम?"

"काम? माले इचारस, काय काम?" गजराबाईने पासबुक टेबलावर आपटलं. "तीन साल व्हयनात, तुम्हनी बँक आम्हना पैसा कापी ऱ्हायनी. एटीएमना कार्डना. कार्ड कोठे शे? दखाड!"

"हळू बोला. खातं कोणाचं?"

"नवनीतना बापनं."

रांगेत कोणीतरी खुसखुसलं.

"नाव सांगा."

"नवराना नाव मी जलममा लिन्हं नही. ते आज बँकसाठे लिसू?"

बाईने आग्रह धरला नाही. पासबुक ओढून घेतलं आणि खाते क्रमांक दाबत बसली. टेबलावर तिच्या नावाची पाटी होती. गजराबाईला ती वाचता येत नव्हती. तिला गरजही नव्हती. कळसाडीत भल्याभल्यांना दारातून परत पाठवणारी बाई ती, पाट्यांना थोडीच भिणार?

तिचा नवरा हिलाल मात्र आत यायला तयार नव्हता. कानाने अधू माणूस, बाहेर निंबाखालच्या बाकावर टोपी सारखी करत बसला होता. "मी आत कसाले? तुम्हनं तुम्ही दखी ल्या," एवढंच त्याचं म्हणणं.

त्याच्या खात्यातून दर साल सातशे आठ रुपये जात होते. ज्या कार्डाचं त्याने तोंडही पाहिलं नाही, त्याचे. तिकडे शहाद्याच्या दुकानात त्याच्यासाठी कानाचं मशीन बाजूला काढून ठेवलेलं, पण शनिवारपर्यंतच. त्याला कमी पडत होते दोन हजार. सोमवारी नातीचं शाळेत गाणं होतं. मुलाने आणि सुनेने पैसे पुढे केले, तर हिलालने हातही लावला नाही. त्याच्या कापसाचा पैसा बँकेने खाल्लाय, तो परत आला तरच मशीन. नाहीतर बहिरा बरा. आज शुक्रवार.

"कार्ड मिळालं नाही, याला पुरावा काय?" बाईने विचारलं.

"जे उनंच नही त्याना पुरावा कोठेन आनू? पोऱ्या जलमना नही म्हनीसन कोनी दाखला दखाडस का?"

आता अख्खी रांग हसली. बाईने खालचा ओठ दाताखाली धरला आणि पुन्हा कोरडी झाली. "लेखी अर्ज लागेल."

"मंग लिखी टाक."

"मी लिहिलेला चालणार नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या."

"येवढी शिकेल शे, आनि एक कागद लिखता येत नही! कसाले पगार देतस तुले?"

शेवटी शेजारच्या खिडकीतला फुरकान, रोखपाल, उठून आला. त्याने पासबुक बघून चार ओळींचा अर्ज खरडला. खातेदाराच्या माणसांना तो वाचून दाखवायचा असा नियम. बाईने कागद हातात धरला, "अर्जदार" म्हणाली आणि थांबली. घसा साफ केला. मग कागद फुरकानकडे सरकवला. "तुम्हीच वाचा."

"मॅडम, माझं अक्षर इतकं वाईट आहे का?" फुरकान म्हणाला आणि खणखणीत वाचून गेला, "हिलाल उखा पाटील, राहणार कळसाडी..."

गजराबाईने तोंडाला पदर लावला. हसू लपवलं, पण पुरतं लपलं नाही.

फुरकान अर्ज घेऊन बाहेर गेला, निंबाखाली हिलालची सही घेऊन आला. बाईने त्याला परत आलेल्या टपालाचं कपाट उघडायला सांगितलं. बराच वेळ तो आत धूळ झटकत होता. आला तेव्हा हातात एक पिवळं पडलेलं पाकीट. आत कार्ड, वर शिक्का: पत्ता अपूर्ण, परत.

"बँकमाच पडेल व्हतं!" गजराबाई गरजली. "आनि पैसा आम्हना!"

बाईने फोन उचलला. पलीकडे वरचा कोणी साहेब असावा. "कार्ड दिलंच नाही, तर शुल्क कशाचं, सर? ... नाही, पुढच्या महिन्यात नाही. ... एका वर्षाचं नाही, तिन्ही वर्षांचं. ... अर्ज, पाकीट, सगळं पाठवते. ... आजच, सर." आवाज एकदाही चढला नाही आणि एकदाही उतरला नाही. रांगेतली माणसंसुद्धा पुढे सरकायचं विसरली.

साडेतीनच्या सुमाराला पासबुक छापून आलं. अक्षरं नाही, पण आकडे गजराबाईला कळायचे. दोन, एक, दोन, चार. तिने ते बोटाने दोनदा तपासले, मग दारात जाऊन अशी हाक दिली की निंबावरचे कावळे उडाले. बहिऱ्या हिलाललाही ती ऐकू गेली. त्याने टोपी काढून हवेत उडवली.

बाई पुढच्या माणसाचं पासबुक हातात घेत होती. वर न पाहता म्हणाली, "आता काही तक्रार राहिली का?"

गजराबाईने पदर खोचला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं म्हणाली, "साहेब म्हनीसन तू सोनं शे, चेतना. सून म्हनीसन कशी शे, ते घर ये, मंग सांगसू."