तळाचा दट्ट्या

नंदलालच्या राईस मिलच्या फाटकातून शकुंतलाबाईंचा ट्रॅक्टर धानासकट परत फिरला आणि रस्ता ओलांडून दुधरामच्या मिलसमोर उभा राहिला.

"तो म्हणते, पंधरा दिवसांनी पैसे देतो," ट्रॉलीवर बसलेल्या शकुंतलाबाई वरूनच म्हणाल्या. "थ्रेशरवाला घरी येऊन बसला हाये. तुमी कवा देता, दुधरामभाऊ?"

"काटा तर होऊ द्या."

काटा झाला. तीस क्विंटल. दुधरामने मान हलवली, त्याचा मुलगा हिमांशू याने मोबाईलवर आकडा टाकला. बाई ट्रॉलीवरून उतरेपर्यंत त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. पैसे जमा झाले होते.

अर्ध्या तासात रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली.

हिमांशू रांगेकडे पाहत राहिला. नंदलालकडे काय नव्हतं? धान भरडून काळा-पिवळा दाणा आपोआप बाजूला काढणारी नवी मशीन होती, रायपूरच्या व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर होती, कागदावर नफा होता. फक्त पैसा निम्मा मशीनमध्ये होता आणि निम्मा त्या व्यापाऱ्याकडे. तो पंचेचाळीस दिवसांनी द्यायचा. दुधरामकडे तीस वर्षांची जुनी मिल आणि बँकेत पडून असलेले वीस लाख. त्या वीस लाखांवरून बापलेकांचं दोन वर्षं वाजत होतं. हिमांशूला नंदलालसारखीच मशीन हवी होती.

दुपारपर्यंत तेरा ट्रॉल्या रिकाम्या झाल्या. धानाचा ढीग टिनाच्या छताला टेकला.

"बाबा, एवढा धान आपल्या मिलीत भरडायले महिना लागन. कायले घेऊन राहिले?"

दुधरामचं लक्ष रस्त्यापलीकडे होतं. फाटकातून नंदलाल येत होता. पायी.

"क्या काका, माझं फाटक विकत घेतलं का?" नंदलाल हसत म्हणाला. हसू टिकलं नाही. "मशीन उभी हाये. धान घ्यायले पैसा नाई. बावीस माणसं सकाळपासून बसून राहिली."

"माझा धान भरडून दे."

"तुमचा?"

"भरडाईचा भाव तूच सांग. साठ हजार आत्ता घे, बाकीचे माल निघाल्यावर."

नंदलालने भाव सांगितला. दुधरामने घासाघीस केली नाही. हिमांशूने साठ हजार पाठवले आणि मोबाईल नकळत दोन्ही हातांनी धरला. ज्या मशीनसाठी तो बापाशी दोन वर्षं भांडला, ती आजपासून त्यांचा धान भरडणार होती. मशीनच्या कर्जाचा हप्ता नंदलाल भरणार होता.

पलीकडे पट्टा फिरल्याचा आवाज आला. नव्या मशीनचा आवाज जुन्या मिलपेक्षा बारीक होता.

आता हिमांशूलाच घाई सुटली. चौदावी ट्रॉली, पंधरावी. तो स्वतः काट्यावर उभा राहिला. विसाव्या ट्रॉलीचे पैसे गेले. एकविसाव्या ट्रॅक्टरवर भैय्यालाल होता, आणि त्याच्या मागे आणखी सहा.

"बस," दुधराम म्हणाला.

"काऊन? सहा लाख हायेत अजून!"

"हायेत."

"मंग?"

दुधरामने हनुवटीने गावाच्या तलावाकडे दाखवलं. त्याच्याच पूर्वजांनी बांधलेला तो तलाव. पाळीतल्या दगडी तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीला, एकाखाली एक भोकं होती आणि प्रत्येक भोकात लाकडी दट्ट्या. पाणी उतरेल तसा खालचा खालचा दट्ट्या ओढत शेतांना पाणी सोडायचं.

"तळचा दट्ट्या कोणी ओढते का?"

"नाई."

"का होते ओढला तर?"

"मासे मरतेत."

"पुढच्या सालचे," दुधराम म्हणाला आणि काट्याला कुलूप घालायला वळला.

हिमांशूने मोबाईल खिशात ठेवला. गेल्या महिन्यात विकलेल्या तांदळाचे पैसे गुरुवारी यायचे होते. आज सोमवार. रांग नाराज होणार, शिव्या घालणार, गोंदियाच्या दुसऱ्या मिलकडे निघून जाणार. तो भैय्यालालसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, गुरुवारी या. आज देणं होत नाई."

"गुरुवारी पक्कं?"

"काटा झाला का पैसे."

भैय्यालालने मागे वळून एकदा रांग पाहिली, एकदा काट्याचं कुलूप पाहिलं. मग ताडपत्री ओढून धानावर नीट पसरली, खाली उतरला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मंग कायले डिझेल जाळू? राहतो इथंच."

त्याच्या मागचं इंजिन बंद झालं. मग त्याच्या मागचं. एकेक करत सातही थांबली. रस्त्यावर फक्त पलीकडच्या मशीनचा बारीक आवाज उरला.